आपल्याच घरातल्या बायका
(प्रस्तावना)

पितृपक्षात गुरुजी नावं विचारतात तेव्हा वडील, आजोबा, पणजोबा ही नावं बहुतेकांच्या ओठांवर असतात. आई, आजी, पणजी या मातृत्रयीपाशी मात्र घोडं अडतं. आईचं नाव चटकन येतं, आजीचं जरा आठवून, आणि पणजीच्या नावासाठी गावाकडच्या एखाद्या म्हाताऱ्या आत्याला फोन लावावा लागतो. आत्या सांगते तेही बहुधा सासरचंच नाव, लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं. माहेरी तिला काय म्हणत, ते आत्यालाही ठाऊक नसतं. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांसाठी अविधवा नवमी हा वेगळा दिवस आपण राखलेला आहे. त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात. पण गेलेल्या बाईबद्दल तेव्हाही बोललं जातं ते एवढंच की ती भाग्याची, अहेवपणी गेली. ती कशाला हसायची, कुणाशी पटत नव्हतं, एकटी असली की काय गुणगुणायची, हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

पुढल्या पानांतले लेख अशा कलावंतांविषयी आहेत, ज्यांनी आपल्याच घरातल्या एखाद्या बाईला चित्राचा, शिल्पाचा, पुस्तकाचा किंवा गोधडीचा विषय केलं. घरातलीच हवी, ही अट कटाक्षाने पाळली आहे. देवी, भारतमाता, वीरांगना यांच्यावरची कला उदंड आहे आणि तिच्यावर लिहिणारेही उदंड आहेत. इथे हवी होती ती आई, आजी, आत्या, बहीण, लेक. जिचा राग अंगावर घेतला आहे, जिच्याशी अबोला धरून झाला आहे, जिच्या आजारपणात रात्री जागवल्या आहेत, अशी. अट वाटते तितकी सोपी नाही. परक्या बाईचं चित्र काढायला बसलेला माणूस तिला बघतो. आईला बघायची आपल्याला सवयच नसते; ती असते. त्यातून तिचा गौरव करायचा असं ठरवलं की आणखीच पंचाईत, कारण गौरवाचे शब्द आधीपासून तयार असतात: माया, त्याग, कष्ट. ते वापरले की कुणाचीही आई उभी राहते, आपली राहत नाही.

बाईचं स्मारक उभारायची रीत आपल्याकडे जुनी आहे. गावाच्या वेशीजवळ, देवळाच्या आवारात सतीशिळा दिसतात. कोपरात वाकवून उभा धरलेला हात, हातात बांगड्या, वर चंद्र-सूर्य. तो हात कुणा एका घरातल्या कुणा एका सुनेचा होता, आणि बहुतेक शिळांवर तिचं नावसुद्धा नाही. ती जगली कशी याला दगडात जागा नाही. मेली कशी, एवढंच. हा सन्मान मला कधी मानवला नाही. त्यापेक्षा देवघरातले पूर्वजांचे टाक बरे, निदान त्यांना आंघोळ तरी घालतात. अगदी निराळं उदाहरण नाशिकच्या पांडवलेण्यांत, ३ क्रमांकाच्या लेण्यात आहे. गौतमीपुत्र सातकर्णी हा सातवाहन राजा आपल्या नावात आईचं नाव वागवतो हे आपण शाळेत शिकतो. त्याच्या पश्चात, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी, त्या आईने, म्हणजे गौतमी बलश्रीने, भिक्षूंना लेणं दान दिलं आणि मुलाचं गुणवर्णन भिंतीवर कोरून घेतलं. शक-यवन-पह्लवांचा संहार करणारा वगैरे बिरुदांच्या रांगेत, आईच्या सेवेत कधी कसूर न करणारा, असंही एक विशेषण तिथे आहे. ते आईनेच लिहून घेतलेलं आहे, हे लक्षात ठेवून वाचावं.

आईचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध चित्र बहुधा जेम्स व्हिसलरचं. लंडनमध्ये राहणाऱ्या या अमेरिकन चित्रकाराने ते १८७१ साली रंगवलं. काळ्या पोशाखातली म्हातारी खुर्चीवर बाजूने बसलेली, मांडीवर हात, हातात पांढरा रुमाल. नाव दिलं ‘करड्या आणि काळ्या रंगांची रचना, क्रमांक १’. ही बाई माझी कोण लागते याच्याशी बघणाऱ्याला काय कर्तव्य, असा त्याचा रोख होता. १८९१ साली फ्रेंच सरकारने ते विकत घेतलं. आता ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. पुढची गंमत १९३४ सालची. अमेरिकेच्या टपाल खात्याने मातृदिनासाठी या चित्राचं तिकीट काढलं, ते अमेरिकेतल्या तमाम मातांना अर्पण केलं, आणि चित्र कातरून कोपऱ्यात एक फुलदाणी ठेवून दिली. मूळ चित्रात फूल नाही. चित्रकारांच्या संघटनेने निषेध केला, पण फुलदाणीसकट तिकीट घरोघर पोचलं. मुलगा म्हणतो ही रंगांची रचना, सरकार म्हणतं ही सगळ्यांची आई. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना १८६३ साली नाकेबंदी चुकवून निघालेल्या जहाजाने लंडन गाठणारी, आणि जिच्या धाकाने मुलाने आपल्या मैत्रिणीला आधीच दुसरीकडे हलवलं होतं, ती ॲना व्हिसलर या दोघांच्या हिशेबात कुठेच बसत नाही. चित्रात मात्र ती आहे. ताठ बसली आहे आणि मुलाकडे बघत नाहीये.

‘श्यामची आई’लाही आपण अशीच फुलदाणी चिकटवली. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातली आई कोकणातल्या पालगडची आहे, कर्जबाजारी घरातली आहे, आणि मुलगा पोहायला जायला घाबरून लपून बसतो तेव्हा शिंपटीने त्याला फोडून काढणारी आहे. अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि हळूहळू श्यामची आई म्हणजे डोळ्यांतलं पाणी असं समीकरण होऊन बसलं. शिंपटी विसरली गेली. यशोदा हे तिचं नाव किती वाचकांना सांगता येईल, हा प्रश्न पुस्तकाच्या चाहत्यांनी आपापल्या घरी विचारून पाहावा.

आता आल्ब्रेख्त ड्यूररने काढलेली आई पाहा. १५१४ सालचा मार्च महिना, न्युरेम्बर्ग. कोळशाने काढलेलं, वहीच्या दोन पानांएवढं चित्र. कपाळावर आठ्या, गालफडं बसलेली, मानेच्या शिरा दोरासारख्या वर आलेल्या, एक डोळा किंचित वाकडा. बार्बराने अठरा मुलांना जन्म दिला आणि त्यांतली बहुतेक डोळ्यांदेखत गमावली. मुलाने यातलं काहीही गोड केलेलं नाही. वरच्या कोपऱ्यात त्याने लिहून ठेवलं की ही आल्ब्रेख्त ड्यूररची आई, वय ६३. दोन महिन्यांनी ती गेली, तेव्हा त्याच कागदावर त्याने शाईने मृत्यूची तारीख घातली. आज हे चित्र बर्लिनमध्ये आहे. आदर म्हणजे दोष झाकणं, असं मानणाऱ्या घरांत आपण वाढलो, म्हणून पहिल्यांदा बघताना ते क्रूर वाटतं. मला स्वतःला या पुस्तकात आलेल्या सगळ्या चित्रांत हेच सर्वांत आदराचं वाटतं. इतकं निरखून त्या बाईकडे आयुष्यात दुसऱ्या कुणी पाहिलं असेल का?

पण निरखायला चेहराच नसेल तर? मकबूल फिदा हुसेन १९१५ साली पंढरपुरात जन्मले. दीड-दोन वर्षांचे असताना आई गेली. घरात तिचा फोटो नव्हता, चेहरा आठवत नव्हता, आणि हे ते आयुष्यभर सांगत राहिले. नऊवारी साडीचा ढीग कुठे दिसला तरी त्याच्या घड्यांमध्ये आपण आईला शोधू लागतो, अशा अर्थाचं त्यांनी आत्मकथनात लिहिलं आहे. त्यांच्या बायका पाहताना हे डोक्यात ठेवावं. मान, खांदे, नितंब, निऱ्यांचा घोळ, सगळं ठसठशीत, आणि चेहऱ्याच्या जागी सपाट रंग. १९८० नंतर त्यांनी मदर तेरेसांची मालिका रंगवली. तिथेही निळ्या काठांची पांढरी साडी आहे, मांडीवर मूल आहे, पदराखाली चेहरा नाही. समीक्षकांनी याला शैली म्हटलं. शैली ती आहेच. पण पंढरपूरच्या बोहरा घरातली एक तरुण मुलगी, जी आसपासच्या बायकांसारखी नऊवारी नेसलेली अशी मुलाच्या कल्पनेत राहिली, तिच्याखेरीज ही शैली सुचली असती असं वाटत नाही. ‘गजगामिनी’ हा त्यांचा २००० सालचा चित्रपट गल्लापेटीवर पडला आणि माधुरी दीक्षितच्या वेडापायी काढलेला म्हणून त्याची थट्टाही झाली. डोक्यावर गाठोडं घेऊन पाठमोरी चालणारी ती बाई आठवली, की थट्टा करणाऱ्यांनी चित्रपट पुरता पाहिला नव्हता एवढंच म्हणावंसं वाटतं. पुढे याच माणसावर चित्रांवरून खटले झाले, देश सोडावा लागला. तो वेगळ्या पुस्तकाचा विषय.

हुसेनकडे फोटो नव्हता. आर्मेनियन चित्रकार आर्शिल गॉर्कीकडे एकच होता. १९१२ साली, तुर्कस्तानातल्या वान शहरात, आई खुर्चीवर आणि बाजूला हातात फुलं घेतलेला मुलगा, असा फोटो काढून अमेरिकेला गेलेल्या बापाकडे पाठवला होता, आम्ही अजून आहोत हे कळावं म्हणून. तीन वर्षांनी आर्मेनियन लोकांची कत्तल सुरू झाली. मायलेकरं पायपीट करत येरेवानला पोचली आणि १९१९ साली आई उपासमारीने गेली. मुलगा अमेरिकेत पोचल्यावर तो फोटो त्याच्या हाती लागला. त्यावरून त्याने ‘कलावंत आणि त्याची आई’ हे चित्र दोनदा रंगवलं, एकेक चित्र दहा-दहा वर्षं आणि जास्तच. रंग चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा. फोटोत आईच्या ओच्यावर फुलांची नक्षी आहे, चित्रात ती पुसून टाकली आहे. आईचे हात त्याने पुरे केलेच नाहीत. दोन्ही चित्रांत ते नुसते पांढरट गोळे आहेत. याची कारणं अनेकांनी अनेक दिली आहेत, मी आणखी एक देत नाही.

हातांवरून कामाकडे येतो, कारण मला या विषयातली सगळ्यात भरीव कला तिथे दिसते. शिल्पकार लुईज बूर्ज्वाची ‘मामाँ’ म्हणजे पुरुषभर नव्हे, तीस फूट उंचीची कोळीण आहे. लंडनच्या टेट मॉडर्नसाठी १९९९ साली केलेली. पोटाखाली जाळीच्या पिशवीत संगमरवरी अंडी. तिच्या ब्राँझच्या प्रती बिल्बाओ, ओटावा, टोकियो अशा शहरांत उभ्या आहेत आणि पोरं तिच्या पायांमधून पळतात. आईला कोळीण म्हणणं हा आपल्याकडे अपमान ठरेल. बूर्ज्वाची आई जोझेफीन पॅरिसजवळ जुन्या विणलेल्या भिंतपडद्यांची दुरुस्ती करायची. हे पडदे खालच्या बाजूने आधी झिजतात, म्हणून त्यांतल्या माणसांचे पाय गेलेले असत. लहानगी लुईज ते पाय कागदावर काढून द्यायची, मग बायका ते विणायच्या. आई १९३२ साली गेली. तिच्या चिकाटीचा, सुईचा, तुटलेलं पुन्हा सांधण्याचा नमुना मुलीला साठ-पासष्ट वर्षांनी कोळ्याच्या जाळ्यात सापडला.

हे वाचताना मराठी वाचकाला ‘आयदान’ आठवायला हवं. उर्मिला पवारांचं हे आत्मकथन २००३ साली आलं. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपं, रवळ्या. रत्नागिरीकडच्या महार घरात नवरा गेल्यावर आई आयदानं विणून पोरं जगवत होती. पवारांनी आपल्या लिहिण्याची वीण आणि आईच्या आयदानांची वीण एकच असल्याचं सांगितलं आणि पुस्तकाला नाव दिलं ते आईच्या हातातल्या वस्तूचं. यात ‘आई थोर होती’ असं म्हणावंच लागत नाही. बांबूची धस बोटात शिरते हे कळलं की पुरे. अमेरिकेत फेथ रिंगगोल्डने पहिली गोधडी १९८० साली शिवली ती आई विली पोझीबरोबर बसून. आई कपडे शिवणारी, त्याआधीच्या पिढ्यांतली एक पूर्वज गुलामगिरीत गोधड्या शिवणारी. आजीच्या लुगड्यांची वाकळ आपल्याही माळ्यावर पडलेली असते. ती हल्ली चौकट करून दिवाणखान्यात टांगायची टूम निघाली आहे. टांगायला हरकत नाही; फक्त शिवणाऱ्या बाईचं नाव खाली लिहा, दुकानाचं नको. वारली चित्रांचंच घ्या. लग्नाचा चौक भिंतीवर लिहायचा तो सवाशिणींनी. ही कला कागदावर आली, जगभर गेली, तेव्हा नावं झाली ती बहुतेक पुरुषांची. त्यांच्या आया-आज्यांनी लिहिलेले चौक पुढल्या सारवणाबरोबर गेले.

मराठीतलं सगळ्यात देखणं उदाहरण मी मुद्दाम इथवर मागे ठेवलं. त्यात चित्र नाही, वर्णन नाही, मुलाने आईविषयी लिहिलेलं फारसं काही नाही. बहिणाबाई चौधरी, जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, शेती, जातं, घर. लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या नि गाणी काम करता करता तोंडून येत. सोपानदेव हा मुलगा आणि पितांबर हा नात्यातला मुलगा, या दोघांनी ती जमेल तशी टिपून ठेवली. सोपानदेव स्वतः कवी, रविकिरण मंडळाच्या काळातले, नाव मिळवत असलेले. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. मग ती वही अत्र्यांना दाखवली गेली, असलं धन झाकून ठेवणं हा गुन्हा आहे असं अत्र्यांनी ठणकावलं, आणि १९५२ साली पुस्तक निघालं. त्याला अत्र्यांची प्रस्तावना आहे, आणि मराठीत प्रस्तावना लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाने ती आठवून आपली पानं कमी करावीत. मला इथे मोठं वाटतं ते सोपानदेवांनी जे केलं नाही ते. त्यांनी आईची बोली पुण्याची करून घेतली नाही. वृत्तात चार मात्रा भरल्या नाहीत. आईवर चरित्रकाव्य रचून मध्ये स्वतः उभे राहिले नाहीत. परिणाम असा, की आज त्यांची ओळख ‘बहिणाबाईंचे चिरंजीव’ अशी आहे, जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव मिळालं, आणि सोपानदेवांच्या स्वतःच्या कविता शोधाव्या लागतात. कवीला हा सौदा सोपा गेला नसेल.

आईखेरीज इतर बायकांचं काय, हा प्रश्न निवड करताना सतत टोचत राहिला. आईवर शंभर कलाकृती मिळाल्या तर आत्यावर एखादी. घरात राहिलेली, न नांदलेली, पोर नसलेली, आलवणातली, अशा बायकांनी दुसऱ्यांची मुलं वाढवली आणि त्या मुलांनी मोठेपणी पुस्तकं अर्पण केली ती जन्मदात्रीला. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या घरगुती फोटोंत केशवपन झालेली काकू सहसा नसतेच; फोटोवाला आला की ती आत जायची. म्हणून बेटी सार या अमेरिकन कलावतीचं १९७५ सालचं काम मला मोलाचं वाटतं. आजीच्या पिढीतल्या हॅटी नावाच्या नातलग बाईच्या मृत्यूनंतर तिच्या आयुष्याची आठवण देणाऱ्या बारीकसारीक वस्तू तिने एका पेटीत मांडल्या आणि शीर्षकात हॅटीचं नाव घातलं. विवान सुंदरम यांनी २००१ च्या सुमाराला मावशी अमृता शेरगिल, आई इंदिरा आणि आजोबा उमरावसिंग यांचे जुने फोटो संगणकावर एकमेकांत मिसळले. त्यांत मावशी तिच्याच चित्रांशेजारी उभी राहते, वेगवेगळ्या काळातली माणसं एका खोलीत येतात. इथे मला थोडी अस्वस्थताही वाटते. आजोबांनी मुलींचे फोटो काढले, नातवाने ते बदलले. मुलींना कुणी विचारलं होतं का? अमृताने आपलं उत्तर स्वतःच्या कुंचल्याने दिलेलं आहे, बहिणीला अनेकदा रंगवलंही आहे. इंदिराबाईंचं उत्तर आपल्यापाशी नाही.

जात्यावरच्या ओव्यांचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यात लांबलं आहे आणि ते कापायला मी तयार झालो नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या चमूने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत बायांनी आईविषयी जे गायलं आहे, ते तिच्या मुलांनी रंगवलेल्या तसबिरींपेक्षा कितीतरी कमी भाबडं आहे. लेकीला आई दुसऱ्या बाजूने माहीत असते.

एक उणीव वाचकांच्या लक्षात येईलच. या पुस्तकात सासू नाही. ओव्यांमध्ये ती आहे, पण बहुतेक ठिकाणी आरोपीच्या पिंजऱ्यात. सुनेने किंवा जावयाने सासूचं मन लावून काढलेलं चित्र, घडवलेलं शिल्प, लिहिलेलं पुस्तक आम्हाला प्रकरण भरेल इतकं मिळालं नाही. कुणाच्या घरी असलं, तर प्रकाशकाच्या पत्त्यावर जरूर कळवावं. चित्र चांगलंच हवं असा आग्रह नाही. सासूचं नाव मात्र लिहून पाठवावं, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही.